रात्रीची पंधरा मिनिटं: शिष्याने आपला दिवस प्रभूपुढे कसा मांडावा

येशूने आपल्या बारा शिष्यांना दोघादोघांच्या जोड्या करून गावोगाव पाठवलं. ते परत आले तेव्हा काय झालं, हे मार्कने एका वाक्यात सांगितलंय: आपण जे जे केलं आणि जे जे शिकवलं ते सगळं त्यांनी येशूला सांगितलं (मार्क ६:३०). लगेच पुढच्या ओळीत प्रभू त्यांना म्हणतो, एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या. हिशेब दिला आणि विसावा मिळाला, असा तो क्रम आहे. रोजचं आत्मपरीक्षण याच क्रमाने करायचं असतं.

स्वतःला सुधारायची इच्छा पुष्कळांना असते आणि त्यासाठी नोंदवह्या, संकल्प, वेळापत्रकं असे उपायही पुष्कळ असतात. शिष्याचं परीक्षण त्यांच्याहून एका मुद्द्यावर वेगळं आहे. माणूस स्वतःशीच बसून दिवस तपासतो तेव्हा तो बहुधा स्वतःचं वकीलपत्र घेतो, नाहीतर स्वतःला फटके मारत बसतो. तोच दिवस, जो आपल्यावर आधीच प्रीती करतो त्याच्यापुढे मांडला, तर लपवण्याचंही कारण उरत नाही आणि छळण्याचंही. पुढे दिलेली प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे. ती सुटली तर बाकी सगळं नीट करूनही हाती थकवाच येईल.

या पद्धतीला नेमका आकार दिला तो सोळाव्या शतकात येशू संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी. त्यांचं आध्यात्मिक साधनेचं छोटं पुस्तक १५४८ मध्ये छापलं गेलं. त्यात दिवसाच्या परीक्षणाचे पाच टप्पे आहेत: उपकारांबद्दल आभार, पाप ओळखण्यासाठी कृपेची मागणी, दिवसाचा हिशेब, क्षमायाचना आणि सुधारण्याचा निश्चय. शेवटी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. कॅथलिक असा, प्रॉटेस्टंट असा, या पाचांपैकी कशाचीच अडचण येऊ नये, कारण प्रत्येक टप्पा स्तोत्रांमध्ये आणि शुभवर्तमानात आधीच आहे.

वेळ, जागा आणि वही

रात्रीचं जेवण आणि झोप यांच्या मधली वेळ सगळ्यात चांगली. अगदी अंथरुणावर पडल्यावर करू नका. चौथं स्तोत्र अंथरुणात मनाशी विचार करायला सांगतं हे खरं, पण दमलेला माणूस आडवा झाला की दुसऱ्या टप्प्याच्या आत झोपतो. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसा. रात्रपाळी असेल किंवा घरात तान्हं बाळ असेल तर सकाळी उठल्यावर आदल्या दिवसाचं परीक्षण करा, तेही तितकंच चालतं. मात्र ही वेळ रोजच्या एखाद्या कामाला बांधून टाका: भांडी आवरून झाली की, दाराला कडी लावली की. 'वेळ मिळेल तेव्हा' असं ठरवलेलं परीक्षण आठवडाभरही टिकत नाही.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. नोंदी फोनमध्ये करण्याचा मोह होईल, पण नोंदीसाठी उघडलेला फोन दोन निरोप वाचूनच बंद होतो. खिशात मावेल एवढी वही आणि पेन पुरे. डाव्या पानावर आभार, उजव्या पानावर कबुली आणि उद्याचं पाऊल. माणसांची पूर्ण नावं लिहू नका, आद्याक्षरं लिहा. वही कधी कोणाच्या हाती पडली तर तुमच्या पश्चात्तापाने दुसऱ्याची अब्रू जाता कामा नये.

पंधरा मिनिटांची वाटणी अशी: आभारासाठी ३, प्रकाश मागण्यासाठी १, दिवस पाहण्यासाठी ६, कबुली आणि क्षमेसाठी ३, उद्यासाठी २. पहिले दोन आठवडे घड्याळ समोर ठेवून करा. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे तिसऱ्या टप्प्यावर बारा मिनिटं जातात आणि क्षमेला वेळच उरत नाही. तसं झालं तर तिसरा टप्पा अर्धवट सोडा आणि पुढे जा. क्षमा न मागता, न स्वीकारता उठणं हे अर्धवट पाहिलेल्या दिवसापेक्षा वाईट.

पहिला टप्पा: आभार

आजच्या दिवसातल्या तीन गोष्टी लिहा, आणि त्या आजच्याच असू द्या. 'आरोग्य, कुटुंब, नोकरी' ही यादी रोज तीच राहते आणि आठवड्यात तिच्यातला जीव जातो. 'दुपारी स. ने न विचारता माझं अर्धं काम उरकून दिलं' हे खरं आभाराचं वाक्य. त्यात माणूस आहे, वेळ आहे आणि घडलेली गोष्ट आहे.

आभार आधी का? पाप हे मुळात एका दात्याकडे फिरवलेली पाठ असते. ज्याला काय मिळालं हेच दिसलेलं नाही, त्याला आपण काय नाकारलं हेही दिसत नाही. त्याला फक्त मोडलेले नियम दिसतात. येशूच्या दाखल्यातल्या, घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राला शुद्ध आली ती बापाच्या घरी मजुरांनाही पोटभर भाकरी मिळते हे आठवल्यावर (लूक १५:१७). आधी घर आठवलं, मग कबुलीचे शब्द सुचले.

दिवस फारच वाईट गेला असेल, कोणी गेलं असेल, आजाराची बातमी आली असेल, तर आभार ओढून आणू नका. एखादं विलापाचं स्तोत्र, तेरावं किंवा बेचाळिसावं, सावकाश वाचा आणि तेच त्या रात्रीचं परीक्षण समजा.

दुसरा टप्पा: प्रकाश मागणं

एक मिनिट पुरतं, पण हा टप्पा गाळायचा नाही. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्राच्या शेवटच्या दोन ओळी यासाठीच आहेत: देवा, माझी झडती घे, माझं हृदय जाण, वाईट मार्ग असेल तर दाखव आणि सनातन मार्गाने ने. झडती घेणारा तो आहे, आपण दार उघडून देणारे. प्रेषित पौल तर करिंथकरांना लिहितो की मी स्वतःचाही न्याय करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे (१ करिंथ ४:३-४). ज्याने मंडळ्यांना इतक्या खडसावून पत्रं लिहिली, त्याने स्वतःच्या बाबतीत निकाल देण्याचं काम प्रभूकडे सोडलं होतं.

ही प्रार्थना केली की एक फरक कळू लागतो. पवित्र आत्मा दाखवतो ते नेमकं असतं: हे वाक्य, या माणसाला, या वेळी. शिवाय त्यातून बाहेर पडायची वाटही दिसते. दोष देणारा आवाज मोघम असतो: तू असाच आहेस, तुझ्याच्याने काही होणार नाही. प्रकटीकरणात सैतानाला बंधूंवर रात्रंदिवस आरोप करणारा म्हटलं आहे (१२:१०). मोघम आरोप मनात आला तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. 'प्रभू, यात नेमकं काय आहे ते दाखव' एवढं म्हणा आणि काही दिसलं नाही तर सोडून द्या.

तिसरा टप्पा: दिवस पाहणं

तासातासाने दिवस आठवायला गेलं तर अर्धे तास रिकामे सापडतात. त्यापेक्षा ठिकाणं आणि माणसं धरून चाला: घरातून निघेपर्यंत, वाटेत, कामावर, परतल्यावर. प्रत्येक ठिकाणी कोण भेटलं हे आठवलं की काय घडलं ते आपोआप वर येतं.

दोनच प्रश्न विचारा. आज प्रभूबरोबर चाललो असं कुठे झालं? आणि आज त्याच्यापासून वळलो असं कुठे झालं? पहिला प्रश्न सुटू देऊ नका. चांगलं घडलेलं पाहणं हा गर्व नव्हे, आत्म्याचं फळ पाहणं आहे, आणि गलतीकरांस पत्रातली ती नऊ नावं (५:२२-२३) याच कामाला उपयोगी पडतात: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. आज यांतलं एखादं कुठे दिसलं का, ते पाहा.

दुसऱ्या प्रश्नात जे केलं त्याच्याइतकंच जे केलं नाही तेही शोधा. शोमरोनी माणसाच्या दाखल्यात याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) यांनी जखमी माणसाला बोटही लावलं नव्हतं. त्यांचा दोष बाजूने निघून जाण्याचा होता. याकोब हेच उघड शब्दांत सांगतो: चांगलं काय ते कळूनही जो करत नाही, त्याला ते पाप आहे (४:१७). सभ्य, नेमस्त माणसांची बहुतेक पापं याच प्रकारची असतात, म्हणून त्यांना कबुलीच्या वेळी काही सुचत नाही.

मनाचे चढउतारही पाहा. दिवसात एकदम राग, जळफळाट किंवा भीती कुठे उसळली? त्या जागी बहुतेक वेळा काहीतरी घट्ट धरून ठेवलेलं असतं: मान, पैसा, आपलंच म्हणणं खरं असण्याची गरज. भावना हे पाप नव्हे, पण कुठे खणायचं ते ती दाखवते.

नोंद कशी करायची, हे उदाहरणाने सांगणं बरं. 'आज चिडचिड केली' ही नोंद निरुपयोगी आहे, कारण उद्या काय बदलायचं ते तिच्यातून कळत नाही. 'संध्याकाळी आल्या आल्या मुलाने वही दाखवली तेव्हा न पाहताच ओरडलो' ही कामाची नोंद. 'प्रार्थनेत लक्ष नव्हतं' ऐवजी 'प्रार्थनेला बसण्याआधी पाच मिनिटं बातम्या वाचल्या, मग तेच डोक्यात फिरत राहिलं'. क्रियापद हवं, माणूस हवा, वेळ हवी. एका रात्री अशा तीन नोंदींच्या वर जाऊ नका.

चौथा टप्पा: कबुली आणि क्षमा

पवित्र शास्त्रात दोन राजांच्या कबुल्या आहेत आणि त्या शेजारी ठेवून वाचाव्यात. शौल म्हणतो, मी पाप केलं, पण लोकांची भीती वाटली म्हणून त्यांचं ऐकलं. पुढे पुन्हा म्हणतो, मी पाप केलं आहे, तरी वडीलजनांपुढे माझा मान राख (१ शमुवेल १५:२४, ३०). दावीद, त्याचं पाप दाखवून देणाऱ्या नाथान संदेष्ट्याला म्हणतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे (२ शमुवेल १२:१३). तिथेच थांबतो. शौलाच्या वाक्यात 'म्हणून' आणि 'तरी' आहेत, दाविदाच्या वाक्यात नाहीत. आपली कबुली लिहून झाली की हेच तपासा. 'कारण', 'पण', 'तरी' असे शब्द आले असतील तर तिथून पुढचा भाग खोडा. परिस्थिती खरोखर कठीण होती, हे प्रभूला सांगायला हरकत नाही, पण ते वेगळ्या वाक्यात, मदत मागताना सांगा.

कबुली तीन वाक्यांत होते. मी अमुक केलं. त्याने तुझं आणि अमक्याचं मन दुखावलं. येशूच्या नावाने मला क्षमा कर. यानंतर क्षमेचं एक वचन मोठ्याने वाचा: १ योहान १:९ किंवा रोमकरांस ८:१. मोठ्याने यासाठी की मनातल्या मनात वाचलेलं वचन आरोपाच्या आवाजाखाली दबतं. वाचून झालं की उजव्या पानावरच्या त्या नोंदीवर एक आडवी रेघ मारा आणि त्या रात्री तिच्याकडे परत जाऊ नका.

अनेक प्रामाणिक माणसं इथेच अडतात. क्षमा मागतात, पण ती मिळाली असं धरून चालत नाहीत. आणखी थोडा वेळ वाईट वाटून घेतलं तर बरं, असं त्यांना वाटतं. पेत्र आणि यहूदा या दोन्ही शिष्यांनी एकाच रात्री प्रभूला दगा दिला, यहूदाने पैसे घेऊन त्याला धरून दिलं आणि पेत्राने त्याला ओळखतच नाही असं सांगितलं, दोघांनाही तीव्र दुःख झालं. यहूदा याजकांकडे ते पैसे परत द्यायला गेला आणि तिथून एकटाच निघून गेला. पेत्र रडला, पण शिष्यांमध्ये राहिला आणि किनाऱ्यावर प्रभू दिसल्याबरोबर पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला (योहान २१:७). दुःख किती खोल आहे यावर पश्चात्ताप ओळखता येत नाही, ते कुणाकडे नेतं यावर ओळखता येतो.

पाचवा टप्पा: उद्याचं एक पाऊल

एकच पाऊल, उद्यापुरतं. 'यापुढे कधीही रागावणार नाही' असा संकल्प दुपारपर्यंत मोडतो आणि सोबत धीरही मोडतो. त्याऐवजी वेळ आणि कृती जोडा: 'उद्या दारातून आत आलो की आधी हातपाय धुईन, मग मुलाजवळ बसेन, तोवर बोलणार नाही.' पाऊल इतकं लहान असावं की ते घडलं की नाही, याचं उत्तर हो किंवा नाही असं देता यावं. मग प्रभूची प्रार्थना म्हणा आणि उठा.

एका वेळी एकच दोष

दोनतीन आठवडे असं केलं की उजव्या पानांवर काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसू लागतात. इथून दुसरं काम सुरू होतं: एक दोष निवडून त्याच्यावरच लक्ष धरणं. इग्नेशियस यांनी यासाठी वेगळी पद्धत दिली आहे आणि ती फार व्यवहारी आहे. सकाळी उठल्याबरोबर त्या एका दोषापासून सावध राहण्याचा निश्चय. दुपारच्या जेवणानंतर पहिला हिशेब, रात्रीच्या जेवणानंतर दुसरा. वहीत आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या आखायच्या. जितक्या वेळा दोष घडला तितके ठिपके दुपारपर्यंतच्या रेघेवर आणि रात्रीपर्यंतच्या रेघेवर मांडायचे. दोष घडला त्याच क्षणी हात छातीला लावून मनात खेद करायचा. चारचौघांत केलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा.

दोष कोणता घ्यावा? ज्याची सगळ्यात जास्त लाज वाटते तो घ्यावा, असं अनेकांना वाटतं. तसं करू नका. वहीत वारंवार आलेला, दुसऱ्यांना त्रास देणारा आणि घरच्यांनी कधी ना कधी बोलून दाखवलेला दोष घ्या. आणि तो मोजता येण्यासारखा हवा. 'गर्व' मोजता येत नाही. 'दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं' मोजता येतं, आणि बरेचदा गर्व तिथेच राहतो. 'आळस' मोजता येत नाही. 'उत्तर द्यायचं म्हणून बाजूला ठेवलेली पत्रं' मोजता येतात. 'अप्रीती' मोजता येत नाही. 'गैरहजर माणसाबद्दल त्याच्यासमोर बोललो नसतो असं बोलणं' मोजता येतं.

नुसता दोष काढून टाकण्याचा प्रयत्न मात्र फसतो, आणि का फसतो ते प्रभूनेच सांगितलंय. अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडलेलं, सजवलेलं पण रिकामं राहिलं, तेव्हा तो आणखी सात आत्मे घेऊन परत आला (मत्तय १२:४३-४५). इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणून जोडीने सांगतो: खोटं टाका आणि खरं बोला. चोरी करणाऱ्याने चोरी सोडावी, एवढंच नाही, तर हाताने कष्ट करून गरजवंताला देता येईल असं कमवावं. कुजकं बोलणं तोंडातून निघू नये, आणि ऐकणाऱ्याची उन्नती होईल असं बोलावं. वहीत दोषाच्या शेजारीच त्याचा जोडीदार सद्गुण लिहा आणि त्याचीही खूण ठेवा. बोलणं तोडणाऱ्याने दिवसातून तीनदा समोरच्याचं वाक्य पूर्ण ऐकून त्यावर एक प्रश्न विचारावा. निंदा करणाऱ्याने रोज एका गैरहजर माणसाबद्दल खरं आणि चांगलं असं एक वाक्य बोलावं.

ठिपके कसे वाचायचे? पहिल्या आठवड्यात ते वाढले तर घाबरू नका. दोष वाढलेला नसतो, नजर उघडलेली असते. त्यानंतर ते कमी होऊ लागावेत. तीन आठवडे संख्या तिथेच अडली असेल तर दोष घडण्याच्या आधीचा तास पाहा. उपाशी होतात? झोप अपुरी होती? दिवसभर एकटे होतात? संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकरी दिली, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं, आणि प्रभूचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर झालं (१ राजे १९). शरीराची गरज भागवणं हाही शिष्यत्वाचाच भाग आहे. रात्री साडेअकरानंतर रोज भांडण होत असेल तर आधी झोपायची वेळ बदला.

एक दोष चार ते सहा आठवडे धरा. दर सोमवारी नवा दोष घेतला तर एकही मुळापर्यंत जात नाही. सहा आठवड्यांनी ठिपके शून्यावर आले नसले तरी, संख्या निम्म्यावर आली आणि दोष घडल्यावर तुम्ही लवकर सावरू लागला असाल, तर पुढचा घ्या.

माफी आणि भरपाई

देवाची क्षमा मिळाली म्हणून माणसाकडे जायचं टळत नाही. वेदीपाशी अर्पण आणलेलं असताना भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला प्रभू सांगतो (मत्तय ५:२३-२४). म्हणून नोंदीत दुसऱ्या कोणाचं नुकसान झालेलं असेल तर तिच्यापुढे एक चौकोन काढा आणि दोन दिवसांच्या आत त्या माणसाला भेटा. माफी समोर बसून मागा, ते अशक्य असेल तर फोनवर. लेखी निरोप शेवटचा पर्याय, कारण त्यात समोरच्याला राग व्यक्त करायला जागा मिळत नाही.

'तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर' ही माफी नव्हे. त्यात दोष ऐकणाऱ्याच्या वाईट वाटण्यावर ढकललेला असतो. 'काल सगळ्यांसमोर मी तुझ्या कामाची थट्टा केली. ते चुकीचं होतं. मला माफ करशील का?' एवढं म्हणा आणि गप्प बसा. लगेच उत्तराची अपेक्षा धरू नका, क्षमा कधी करायची हे त्याने ठरवायचं असतं.

पैशाचं किंवा वस्तूचं नुकसान असेल तर भरपाई हवी. नियमशास्त्रात लुबाडलेलं पूर्ण परत करून वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलं होतं (लेवीय ६:५), आणि येशूला भेटल्यावर जक्कय या जकातदाराने लुबाडलेल्याच्या चौपट देण्याचं ठरवलं. किती द्यायचं ते परिस्थितीवर, पण 'सॉरी' म्हणून पैसे ठेवून घेणं बसत नाही. चारचौघांत केलेल्या निंदेची भरपाई त्याच चारचौघांत जाऊन खरं सांगण्याने होते.

एक अपवाद लक्षात ठेवा. कोणाबद्दल मनात आलेला मत्सर किंवा वाईट विचार, ज्याचा त्याला पत्ताही नाही, तो त्याच्यापुढे कबूल करू नका. त्याने तुमचं मन हलकं होतं आणि त्याचं जड. तो विचार देवाला सांगा, आणि हवं तर एखाद्या विश्वासू माणसाला.

कुठे बिघडतं

सगळ्यात घातक बिघाड म्हणजे येशूच्या दाखल्यातल्या परूश्याची (नियम काटेकोर पाळणाऱ्या धार्मिक माणसाची) प्रार्थना. तीही आभारानेच सुरू होते: देवा, मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार (लूक १८:११). वहीत ठिपके कमी झाले आणि तेवढ्यात घरातल्या दुसऱ्या कोणाचे दोष ठळक दिसू लागले, तर समजा की वही उलटी चालू लागली आहे. अशा वेळी आठ दिवस ठिपके बंद ठेवा, फक्त आभार लिहा आणि त्याच दाखल्यातल्या जकातदाराची प्रार्थना म्हणा: देवा, मज पाप्यावर दया कर.

उलट बाजूचा बिघाड अति शंकेखोर मनाचा. असा माणूस एकच पाप दहादा कबूल करतो, कबुली नीट झाली की नाही याचीही कबुली देतो आणि पंधरा मिनिटांचा तास करतो. त्याने हे सविस्तर परीक्षण करू नये. वेळ पाच मिनिटांवर आणावी, लिहिणं थांबवावं, तीन आभार आणि एक कबुली एवढंच ठेवावं. आपल्या पाळकांचं किंवा धर्मगुरूंचं, एकाचंच, म्हणणं प्रमाण मानावं. योहानाचं एक वाक्य अशांसाठीच आहे: आपलं मन आपल्याला दोष देतं तेव्हाही देव आपल्या मनापेक्षा थोर आहे (१ योहान ३:२०). विचार थांबतच नसतील, त्यापायी झोप, काम बिघडत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. हा विश्वासाचा कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरात मारहाण किंवा छळ सोसणाऱ्या व्यक्तीने 'माझं कुठे चुकलं' हे शोधण्यासाठी ही पद्धत वापरू नये. दुसऱ्याच्या हिंसेचं पाप त्या दुसऱ्याचं असतं. तिथे पहिलं पाऊल सुरक्षित जागी जाणं आणि मदत मागणं हेच आहे.

मधले दिवस चुकतातच. चुकलेल्या चार दिवसांचं परीक्षण एकत्र करू नका, फक्त आजचं करा. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते (विलापगीत ३:२२-२३), थकबाकी भरून मग मिळत नाही. आणि काहीच जाणवत नाही, सगळं कोरडं वाटतं, असे आठवडे येतील. तेव्हा वेळ वाढवूही नका, कमीही करू नका. भावनेवर परीक्षणाची किंमत ठरत नाही.

आठवड्यातून एकदा दुसऱ्याबरोबर

याकोब एकमेकांजवळ पापं कबूल करायला आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगतो (५:१६). मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी डिसेंबर १७३८ मध्ये लहान गटांसाठी नियम लिहिले. आठवड्यातून एकदा भेटायचं, आणि मागच्या भेटीनंतर कोणती पापं घडली, कोणते मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली, असे प्रश्न प्रत्येकाला विचारायचे. ते प्रश्न आजही जसेच्या तसे चालतात. त्यांतला सुटकेचा प्रश्न विशेष जपा, कारण तो नसला की भेट नुसती तक्रारींची होते.

सोबती निवडताना पाहा: विश्वासात आपल्याइतकाच किंवा थोडा पुढे, पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्री, ज्याच्यापुढे आपली नोकरी, पैसा किंवा पद अडकलेलं नाही असा. पतीपत्नींनी एकमेकांशी प्रार्थना जरूर करावी, पण या भेटीसाठी वेगळा माणूस असलेला बरा. काही कबुल्यांचं ओझं घरात रोज वागवणं कठीण जातं. दोघे किंवा तिघे पुरेत. चौघांच्या पुढे माणूस राखून बोलू लागतो.

दोघे असाल तर वेळ चाळीस मिनिटं. पाच मिनिटं एखादं स्तोत्र, मग प्रत्येकाला साधारण पंधरा मिनिटं, शेवटी एकमेकांसाठी प्रार्थना. ऐकणाऱ्याने उपाय सांगायचा नाही, मागितला तरच सांगायचा. 'एवढं काय, सगळ्यांकडूनच होतं' असं म्हणून दुसऱ्याची कबुली बोथट करायची नाही. ऐकून झाल्यावर क्षमेचं वचन त्याच्या नावासह त्याला म्हणून दाखवायचं. बोललेलं बाहेर जायचं नाही, प्रार्थनेची विनंती म्हणूनसुद्धा नाही. त्याला एकच अपवाद: एखाद्या लहान मुलाच्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल तर गप्प राहायचं नाही, आणि हे पहिल्याच भेटीत एकमेकांना सांगून ठेवायचं. निघण्याआधी पुढच्या भेटीचा वार आणि वेळ ठरवूनच उठा. 'बघू, फोन करतो' म्हणून सुटलेली भेट सहसा पुन्हा होत नाही.